सूपभर कोंडा

भंडारा
९ जुलै २०२५

कुंता,

तुझ्या नावाआधी काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून नुसतं कुंता. चार वर्षं झाली, तू माझ्याशी बोलली नाहीस. फोन लावला की एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगते आणि बंद पडतो, म्हणजे माझा नंबर तू अजून अडवूनच ठेवला आहेस. पूर्वी सिहोऱ्याकडची एखादी बाळंतीण घरी निघाली की तिच्या पिशवीत तुझ्यासाठी चिठ्ठी टाकायची माझी सवय होती. आता तीही सोय राहिली नाही, कारण बाळंतिणीच येत नाहीत. म्हणून हे पोस्टानं पाठवते आहे. फाडायचं असेल तर वाचून फाड.

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातली बाळंतपणाची खोली बंद आहे. आज बारावा दिवस. वरून कागद आला की चौकशी पूर्ण होईपर्यंत नवीन बाळंतीण घ्यायची नाही. तीस वर्षं मी इथे आया म्हणून काम करते आहे, त्या खोलीला कधी कुलूप लागलेलं पाहिलं नाही. कुलूप आणायला आपल्या तुलाराम कंपाउंडरला बाजारात जावं लागलं, कारण त्या दाराचं कुलूप दवाखान्यात कुठे नव्हतंच.

कारण सांगते, पण घाबरू नको. गुड्डीच्या पाचवीला आपण जे केलं, ते तुझ्या डोळ्यांपुढे असेलच. तुझी पहिली दोन लेकरं गेली होती. तिसरी जगावी म्हणून मी सूपभर कोंडा तुझ्या ओटीत टाकला, पोरगी उचलली आणि ‘कोंड्याला घेतली’ असं तीनदा म्हटलं. परक्याची झाली की तिच्यावर वाईट नजर पडत नाही. आपल्याकडे हे कोण करत नाही? तेव्हा तुलारामनं हौसेनं एक कागदही लिहिला होता. ‘मी कुंताबाई भूपेंद्र, राहणार सिहोरा, माझी मुलगी मंगलाबाई यांना एक सूप कोंड्याला विकली.’ खाली तुझी सही. आणि कागद म्हटला की शिक्का पाहिजे, म्हणून त्या शहाण्यानं वर दवाखान्याचा शिक्काही मारून ठेवला.

त्या कागदाचा फोटो कुठून तरी बाहेर निघाला. मोबाईलवर गावोगाव फिरला. वर लिहिलं होतं, दवाखान्यात बाळाची विक्री. आता बाईंना विचारतात, किती बाळं विकली? बाई म्हणाल्या, ‘अडीच-तीन हजार बाळं ह्या हातावर घेतली, एकबी विकलं नाई.’ पण शिक्का त्यांचाच आहे ना.

११ ऑगस्टला इथे भंडाऱ्यात बालकांच्या समितीपुढे सुनावणी आहे. तुलाही कागद आला असेल. तू ये आणि जे झालं ते सांग, एवढंच मागते. मी सांगितलं तर घेणारीच बोलते आहे असं होतं, बाईंनी सांगितलं तर दवाखाना वाचवायला बोलतात असं होतं. आईचं बोलणं सगळ्यांना ऐकावं लागतं.

आपलं भांडण काय झालं, कशावरून झालं, ते तुला माहीत आणि मला माहीत. त्यात आत्ता शिरायचं नाही.

गुड्डी कशी आहे? सहावीत गेली असेल ना? की सातवीत?

मंगलाबाई

भंडारा
२० जुलै २०२५

कुंता,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंच नव्हतं, असं लिहायला बसले होते, पण ते खोटं झालं असतं. रोज दुपारी पायरीवर बसून पोस्टमनची वाट पाहिली. तो मला पाहिलं की आता सायकल लांबूनच वळवतो.

चौकशीची माणसं सिहोऱ्यात तुमच्या घरी येऊन गेली म्हणे, आणि भूपेंद्रनं ‘घरी कोनी नाई’ म्हणून दार लावून घेतलं. गुड्डीला तू लाखांदूरला तुझ्या आईकडे नेऊन ठेवलंस, हेही कळलं. कुंता, मी तुझी भीती ओळखून आहे. तुला वाटतं, तू तोंड उघडलं की ते म्हणतील, हिनं पोरगी विकली, आणि गुड्डीला बालगृहात नेतील. मी त्या समितीच्या मॅडमला स्वतः जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, आई समोर आली, खरं बोलली, तर मुलीला हात लावायचं कारण काय? लपवलं तर मात्र शंका येते. मॅडम कडक आहे, पण बोलणं सरळ वाटलं. आपल्या भागातली नाही, कोल्हापूरकडची आहे, तिला आपले रिवाज माहीत नाहीत. मी कोंड्याचं सांगायला लागले तर तिनं विचारलं, कोंडा म्हणजे किती किलो?

इथे काय चाललं आहे ते सांगते. रोवण्याचे, धान लावायचे दिवस आहेत. तुला माहीत आहे, या दिवसांत बायका बांधीच्या चिखलातून सरळ दवाखान्यात येतात. नऊ महिने भरलेले असतात आणि म्हणतात, एवढी बांधी रोवून येते. मग बाई त्यांच्यावर ओरडतात, आणि ओरडता ओरडताच हातमोजे घालतात. पहाटे ओसरीवर नातेवाइकांच्या चुली पेटतात, भाताचा वास सगळ्या दवाखान्यात फिरतो, आणि मी चार वेळा सांगते की धूर आत येतो, चूल बाहेर न्या. आता ओसरी स्वच्छ आहे. अशी स्वच्छ ओसरी मला बघवत नाही. बाई काही देवी नाहीत, बिल घेतात, कधी कधी नको तेवढं बोलतात. पण कोणाची सून अडली की लोक अजूनही आधी बाईंच्या दाराशी येतात आणि कुलूप पाहून उभे राहतात.

परवा शहापूरची दामिनी आली. पहिलं बाळंतपण इथेच झालेलं, बाळ आडवं होतं, बाईंनी पोट कापून काढलं होतं. ह्या वेळी कळा सुरू झाल्यावर तिच्या सासूनं तिला सरळ इथेच आणलं. बाईंनी कुलपाकडे पाहिलं, आपल्या गाडीची किल्ली काढली, मागे दामिनीला निजवलं, शेजारी मला बसवलं आणि अवघड केस म्हणून गाडी थेट नागपूरच्या रस्त्याला लावली. शहापूर मागे पडलं आणि मौद्याच्या अलीकडे दामिनी ओरडली, ‘आलं वो माय!’ बाईंनी गाडी बाजूला घेतली. माझं एक लुगडं दाराला बांधून आडोसा केला. मुलगा झाला, दोघंही सुखरूप आहेत. पण आधी पोट कापलेल्या बाईचं असं रस्त्यावर होणं म्हणजे काय, ते मी तीस वर्षांत शिकले आहे. बाईंच्या कपाळावरचा घाम मी पुसला. गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, ‘मंगला, खोलीत बंदी हाय. रस्त्यावर बाळंतपण करू नका असं कागदात कुठं लिवलं हाय?’ आणि हसल्या.

पुढच्या वेळी इतकं नशीब असेलच असं नाही. म्हणून पुन्हा लिहिते. तू ये.

फोटोचं कळलं. नवीन आलेल्या मोना सिस्टरनं काढला होता. नाशिकची पोरगी आहे, तिला यातलं काही ठाऊक नाही. तुलाराम तिच्यावर चिडला आहे. मी चिडले नाही. का नाही, ते पुढे कधीतरी सांगेन.

मंगलाबाई

भंडारा
१ ऑगस्ट २०२५

कुंता,

आज सगळं लिहिते. दहा दिवस राहिले, आणि तू अर्धवट ऐकून येणार नाहीस, हे मला कळलं आहे. तुझ्या जागी असते तर मीही आले नसते.

मोनाला तो कागद सापडला नाही. मीच दाखवला. कागद माझ्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवला होता. दुपारी चहा पिताना ती म्हणाली, ‘मावशी, तुम्हाला मुलंबाळं किती?’ तिनं सहज विचारलं. तीस वर्षं मला सगळे सहज विचारतात आणि मी सहज सांगते की नाहीत. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, ‘हाय ना, एक पोरगी हाय. सिहोऱ्याले राहते.’ आणि पेटी उघडून कागद तिच्या हातात दिला. तिनं वाचला. तिचा चेहराच बदलला. म्हणाली, ‘मावशी, हे खरं आहे?’ आता मी काय म्हणावं? हसून सांगायचं, अगं रिवाज आहे. पण मी म्हटलं, ‘खरं म्हणजे? शिक्का पाहा की.’

मोठ्या तोऱ्यात म्हटलं, कुंता. त्या बिचारीनं फोटो काढून तिच्या कॉलेजातल्या बाईंना विचारायला पाठवला की अशा वेळी काय करायचं असतं. तिला जे शिकवलं होतं तेच तिनं केलं. तिच्या बाईंनी पुढे कळवलं, आणि मग तो फोटो कोणाच्याच हातात राहिला नाही. म्हणून मी तिच्यावर चिडले नाही. खोलीचं कुलूप माझ्या तोऱ्यामुळे लागलं आहे.

दुसरं. कागद तुलारामनं हौसेनं लिहिला, असं मी तुला लिहिलं. तुलाराम तर नको म्हणत होता. ‘कोंड्याच्या सौद्याले कागद कायले लागते?’ असं दोनदा म्हणाला. तोंडानं म्हटलं की झालं, कागदाचा रिवाजच नाही. मीच त्याला लिहायला लावलं. आणि त्यात शेवटी एक ओळ आहे, जी तुला आठवत नसेल, कारण तू तेव्हा पाच दिवसांची ओली बाळंतीण होतीस आणि मी ‘इथं कर’ म्हटलं तिथं तू सही केलीस. ‘यापुढे या मुलीवर माझा कोणताही हक्क नाही.’ ही ओळ मी सांगून लिहून घेतली. काय वाटलं होतं मला? तू पोरगी मला देऊन जाशील? नाही, तसं नव्हतं. फक्त माझ्याकडे एक कागद असावा, ज्यावर कोणीतरी माझं आहे असं लिहिलेलं असावं. नवरा गेल्यावर रेशनकार्डावर मी एकटीच उरले होते. हे सांगून मी तुझी दया मागत नाही. मी चुकले, एवढंच सांगते.

आणि तिसरं, ज्यात शिरायचं नाही असं म्हणाले होते. त्या दिवाळीला मी फ्रॉक घेऊन तुमच्याकडे आले होते. गुड्डी आठ वर्षांची. ती मला चिकटायला आली नाही, अंगणात खेळत राहिली. मी म्हटलं, इकडे ये. ती म्हणाली, आई बोलावते आहे. आणि मी तिला म्हणाले, ‘थे तुही आई नाई, म्या इकत घेतली तुले. तुह्या मायनं कोंड्याले इकलं.’ हसत म्हणाले, असं मी चार वर्षं स्वतःला सांगत आले. हसत नव्हते. मला राग आला होता, एका आठ वर्षांच्या पोरीचा. ती रात्री जेवली नाही आणि तुला विचारत राहिली, ‘मले काहून इकलं?’ हे तू मला दुसऱ्या दिवशी फ्रॉक परत करताना सांगितलंस. तू बरोबर केलंस.

तो फ्रॉक माझ्या पेटीत आहे. नंतरच्या तीन दिवाळ्यांचे तीनही आहेत. दुकानात उभी राहून, हात वर करून दाखवायचे, एवढी असेल, यंदा एवढी असेल. दुकानदार विचारायचा, पोरगी सोबत काहून नाही आणली? मी म्हणायचे, शाळा आहे.

आता माझं ऐक. तुला वाटत असेल, पोरगी कोंड्यानं जगली, म्हणून मंगलाबाईचा हक्क. तसं नाही. तुझं रक्त आणि पोटातल्या लेकराचं रक्त जुळत नव्हतं, म्हणून पहिली दोन गेली. बाईंनी ते ओळखलं, गुड्डीला वेळेआधी काढलं, दोनदा रक्त बदललं, सहा दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं. पोरगी त्या दिव्यानं जगली. मी फक्त दिव्याखालची दुपटी बदलली.

तू ये, आणि येताना सूपभर कोंडा आण. तुमच्याकडे राईस मिल आहे, कोंड्याला तोटा नाही. समितीसमोर माझ्या पदरात टाक आणि म्हण, पोरगी परत घेतली. रिवाजानं मोडेल आणि कागदानंही मोडेल. गुड्डी बारा वर्षांची झाली, रोगराईचं वय गेलं, आता तिला काही होत नाही. मी तोंडातून शब्द काढणार नाही, रडणारही नाही. पण बाईंची खोली उघडू दे.

मंगलाबाई

भंडारा
१२ ऑगस्ट २०२५

कुंता,

तू आलीस. पांढऱ्या ठिपक्यांची निळी साडी, हातात पिशवी. मी ओळखलं, पण हाक मारली नाही. तू माझ्याकडे न पाहता आत गेलीस आणि बयान झाल्यावर मागच्या दारानं सरळ बसस्टँडला गेलीस. तुझ्या पिशवीत कोंडा होता की नव्हता, ते मला कळलं नाही. समितीनं मागितला नाही, आणि तू काढला नाहीस असं शिपाई म्हणाला.

तू आत होतीस तेव्हा बाहेर काय झालं ते तुला माहीत नाही. ते सांगायलाच आज लिहिते.

तुलाराम पंधरा दिवस रात्रंदिवस फोनवर होता. मला वाटलं, वकील शोधतो आहे. तो शोधत होता म्हातारे. दवाखान्याची जुनी रजिस्टरं काढून, कोणाच्या सुनेला कोणी आणलं, सासऱ्याचं नाव काय, असं पाहत बसला होता. काल दहा वाजता एसटीतून, ऑटोतून, एका ट्रॅक्टरमधून म्हातारे उतरायला लागले. धोतरं चिखलानं भरलेली, अर्धे बांधीतूनच आलेले. तेवीस जण. सगळ्यांच्या हातात आधारकार्ड. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, ‘हे कोण? ह्यांना कोणी बोलावलं?’ तुलाराम म्हणाला, ‘मॅडम, फक्त नावं इचारा.’

पहिला म्हणाला, कवडू. दुसरा, कवडू. तिसरा, कचरू. मग लाखांदूरकडचा एक कोंडू, पुन्हा दोन कवडू, एक दगडू. एक कचराबाई पण होती, काठी टेकत आलेली, तिला खुर्ची दिली तर खाली बसली. मॅडमना काही समजेना. तेव्हा सगळ्यांत म्हातारा कवडू पुढे झाला. त्याच्या तिन्ही नातवंडांचा जन्म बाईंच्या खोलीतला. तो म्हणाला, ‘बाई, माह्याआधी चार पोट्टे गेले. मायनं मले गुरं चारनाऱ्या गायकीच्या बायकोले एका कवडीत इकलं, म्हनून कवडू. ऐंशी वर्सं झाली, वापस घ्यायले कोनी आलं नाई, म्हनून जितो हावो. आता धरायचं असन त मले धरा, मी इकलेलं पोट्टं हावो. लेकीबायच्या खोलीचं कुलूप खोला.’

सगळे हसले. मॅडम पण हसल्या, मग शिपायाला म्हणाल्या, ह्या सगळ्यांची नावं लिहून घ्या, कार्डाप्रमाणे. त्याला अर्धा तास लागला. मोना सिस्टर भिंतीला टेकून ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिला मी म्हटलं, तुझं काही चुकलं नाही बाळा, एखाद्या ठिकाणी खरंच विक्री झाली असती तर तूच एक पोर वाचवली असतीस. बाईंनीही तिला तेच सांगितलं. नंतर तिला आणि कचराबाईला एकाच बशीत भजी खाताना पाहिलं.

मग मला आत बोलावलं. मॅडमनी तुझं बयान वाचून दाखवलं. तुझे शब्द जसेच्या तसे लिहायला लावले होते त्यांनी. तू म्हणालीस:

‘हाव, इकली. कोनी जबरदस्ती नाई केली. दोन गेले होते. तिसरीले म्या पाचवीपर्यंत पाहिलं नाई, पदराखाली घेतलं नाई. भेव लागे. म्हटलं, माही म्हनून जवळ घेतली का थे बी जाईन. डॉक्टरबाई रोज म्हनत, पाज. मी भितीकडे तोंड करून निजत होतो. मंगलाबाईनं कोंडा टाकला ओटीत, पोट्टी उचलली, म्हने आता माही हाय, मले दूध नाई, तू पाज. तवा पाजली. मंगलाबाईची पोट्टी पाजून राहिली, असं मनात म्हनून पाजली. मयना-दीड मयना तसंच म्हनून पाजली.’

कुंता, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तू घाबरली होतीस, कोंड्यानं धीर आला, एवढंच. तू भिंतीकडे तोंड करून निजायचीस हे मी पाहिलं होतं, पण मनात काय म्हणत पाजायचीस ते तू बारा वर्षांत कोणाला सांगितलं नाहीस. बाईंना मात्र तेव्हाच कळलं होतं. काल मी विचारलं, तुम्ही शिकलेल्या बाई, तुमच्या खोलीत तुम्ही हा प्रकार होऊ कसा दिला? त्या म्हणाल्या, ‘दिव्यानं पोरगी जगत होती मंगला, पन पाजनारी माय मले कोनत्या मशिनीनं आनता येत होती?’

नंतर मॅडमनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. वर माझं नाव, खाली एकच वाक्य: या मुलीवर माझा कोणताही हक्क नाही. तुझ्याकडून मी जे लिहून घेतलं होतं तेच वाक्य, माझ्या नावावर. त्यांना ते माहीतही नसेल. पेन घेतलं आणि हात थांबला. रडणार नाही असं तुला लिहिलं होतं, ते जमलं नाही. पण सही केली. सातवी पास बाईची सही आहे, जरा वाकडी आली. जुना कागद त्यांनी माझ्यासमोर फाइलीत लावला आणि आडवी रेघ मारली.

आज सकाळी खोलीचं कुलूप उघडलं. बाईंना कागदात एवढी समज दिली की दवाखान्याचा शिक्का यापुढे कुलपात ठेवावा. ते नवीन कुलूप आता तिथे लागलं. तुलाराम तोंड पाडून बसला आहे.

तुझे उपकार मानायचे तर शब्द नाहीत. पुन्हा लिहून तुला त्रास देणार नाही.

मंगलाबाई

भंडारा
५ ऑक्टोबर २०२५

कुंता,

त्रास देणार नाही म्हटलं होतं, आणि देते आहे, कारण आधी तू लिहिलंस.

काल सिहोऱ्याची एक पोरगी पहिलटकरीण म्हणून आली. पलंगावर बसायच्या आधी तिनं पिशवीतून एक पुडी काढली आणि म्हणाली, ‘मंगलाबाई कोन हाय? कुंताकाकूनं देल्ली.’ ओसरीवर पाच चुली पेटल्या होत्या, धूर आत येत होता, मी ओरडायलाच बाहेर निघाले होते. तशीच पायरीवर बसले आणि पुडी सोडली. तुझी चिठ्ठी तीन ओळींची. त्या ओळी इथे उतरवून ठेवते, म्हणजे हे पत्र परत कधी तुझ्या हाती लागलं तर तू काय लिहिलं होतंस ते तुलाही दिसेल.

‘मंगलाबाई, कागद फाइलीत गेला, बरं झालं. कोंडा मी नेला होता पिशवीत, पन काढला नाई. म्या वापस केला नाई अन करनार बी नाई. गुड्डीले सगळं सांगतलं, काहून इकलं थे बी सांगतलं, तवा थे म्हने, मंग दिवाळीचा फ्रॉक काहून बंद झाला?’

खाली दोऱ्याची गुंडाळी. एका टोकाला गाठ, आणि चिठ्ठीच्या मागे लहान अक्षरात, तुझं नाही ते अक्षर: खांद्यापासून घोट्यापर्यंत.

बाईंची हाक आली, त्या पोरीच्या कळा वाढल्या होत्या. मुलगी झाली, पावणेतीन किलो, रडली पण जोरात. सगळं आवरून संध्याकाळी मी खोलीवर आले, पेटी उघडली आणि तुझा दोरा सगळ्यांत मोठ्या फ्रॉकला लावून पाहिला. फ्रॉक वीतभर आखूड निघाला.

उद्या दुकानात जाते. ह्या वेळी हात वर करून दाखवायचं नाही.

तुझी,
मंगलाबाई